कळलं कधी, सांगितलं कधी

८ जानेवारी २०१८. दुपारचे तीन वाजले होते. शेगडीवर चहा उकळत होता आणि भिंतीच्या आतून कुणी खांदा मारावा तसा धक्का आला, पाठोपाठ मालाची गाडी दारावर आदळल्यासारखा आवाज. मी गॅस बंद केला, पोराला काखेत घेतलं आणि अनवाणीच अंगणात आले. पाटण तालुक्यात, कोयनेच्या भूकंपपट्ट्यात, वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. बाहेर येऊन बघते तर शेजारच्या आजी बाहेर आल्याच नव्हत्या. खिडकीतून त्या दिसत होत्या. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात मिलिमीटरच्या खुणांची पट्टी. भिंतीवरच्या भेगेला पट्टी लावून त्या आकडा वाचत होत्या आणि वहीत लिहीत होत्या.

त्या भूकंपाचं केंद्र झेइरैप नावाच्या छोट्या खेड्याखाली होतं आणि तीव्रता ३.४. कोयनेकाठच्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल, मलाही वाटला होता. पण नेदरलँड्सच्या उत्तरेला, ग्रोनिंगेन प्रांतात, भूकंप जेमतेम ३ किलोमीटर खोलीवर होतात, वर मऊ चिकणमाती आणि तिच्यावर विटांची जुनी घरं. ही जमीन आपणहून हलत नव्हती. तिच्या पोटातला गॅस काढून घेतल्यामुळे ती खचत होती. माझ्या शेगडीत जळणारा तोच गॅस.

माझी आजी ११ डिसेंबर १९६७ ची गोष्ट सांगायची. पहाटे सव्वाचारनंतरची वेळ, कडाक्याची थंडी. मांडणीवरची भांडी आधी वाजली, मग मांडणीच आली, तांब्याचा हंडा घरभर गडगडत गेला आणि आजोबांनी वडिलांना गोधडीसकट उचलून बाहेर आणलं. कोयनानगरच्या त्या भूकंपात सुमारे १८० माणसं गेली. धरणालाही तडे गेले, नंतर ते मजबूत करून घ्यावं लागलं. पण आजी त्या रात्रीपाशी थांबायची नाही. ती मागे जायची. “धरणात पाणी भरलं तवापासनं जमीन गुरगुरत हुती,” म्हणायची. आणि ते खरंच होतं. १९६२ साली कोयना धरणाचा शिवसागर जलाशय भरू लागला तेव्हापासून तिथे लहान धक्के आणि जमिनीखालचे आवाज सुरू झाले होते. १९६७ च्या सप्टेंबरात एक मोठा धक्काही बसून गेला होता. दख्खनचा खडक स्थिर आहे, इथे मोठा भूकंप होत नाही, असा तेव्हाचा समज होता. गुरगुर ऐकणारी माणसं आणि निर्णय घेणारी माणसं यांच्यात बोलणंच नव्हतं.

ग्रोनिंगेनची गोष्ट वाचताना मला आजीच ऐकू येत होती. स्लोख्तरेनजवळ १९५९ साली हे वायुक्षेत्र सापडलं आणि १९६३ पासून उत्पादन सुरू झालं. त्या पैशावर या देशाचे रस्ते आणि कल्याणकारी योजना उभ्या राहिल्या. सरकारच्या तिजोरीत सुमारे ३६३ अब्ज युरो आले आणि शेल व एक्सॉनमोबिल या भागीदार कंपन्यांना सुमारे ६६ अब्ज. उत्तरेत १९८६ मध्ये पहिला धक्का बसला, तेव्हा मेंट फान डेर स्लाउस नावाचे एक भूगोलतज्ज्ञ सांगत होते की याचा गॅसशी संबंध आहे. त्यांची टर उडवली गेली. पुढे १९९३ मध्ये संबंध मान्य झाला, पण मोठा धक्का बसणार नाही असं गृहीत धरून काम चालूच राहिलं. मग १६ ऑगस्ट २०१२ ला हौझिंगेचा ३.६ तीव्रतेचा भूकंप झाला. खाणींवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने जानेवारी २०१३ मध्ये स्पष्ट सल्ला दिला की उत्पादन लवकरात लवकर कमी करा. त्याच वर्षी उत्पादन वाढून सुमारे ५४ अब्ज घनमीटरवर गेलं.

हे सगळं मी एका श्रीमंत, शिस्तीच्या, पाण्याशी शतकानुशतकं झुंजलेल्या देशाबद्दल लिहिते आहे. समुद्राच्या पुराची तयारी यांच्याकडून जगाने शिकावी, इतकी ती चोख आहे. पण पायाखालच्या जमिनीचा धोका जिथे उत्पन्नाशी बांधला गेला तिथे तीच यंत्रणा पन्नास वर्षं बहिरी झाली. म्हणून ‘परदेशात कसं सगळं नीट असतं’ हे वाक्य मी घरी फोनवर कधीच बोलत नाही.

तरीही इथे एक गोष्ट घडली आणि ती मला माझ्या तालुक्यासाठी हवी आहे. २०२१ मध्ये इथल्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने ग्रोनिंगेनच्या गॅसबद्दल संसदीय चौकशी नेमली. या चौकशीला बोलावणं आलं की नाही म्हणता येत नाही. साक्ष शपथेवर होते आणि खोटं बोलणं गुन्हा ठरतो. २०२२ च्या जूनपासून ऑक्टोबरपर्यंत जाहीर साक्षी झाल्या, दूरचित्रवाणीवर थेट दिसल्या. कंपन्यांचे अधिकारी, आजीमाजी मंत्री आणि शेवटी पंतप्रधान मार्क रुटे त्या खुर्चीत बसले. ज्यांच्या घरांना टेकू लावलेत ते लोकही त्याच खुर्चीत बसले. मी संध्याकाळी कामावरून येऊन ते बघायचे. शेजारच्या आजी दिवसभर बघायच्या, मांडीवर कागदांची जाड फाइल घेऊन. २०१२ पासूनचं प्रत्येक पत्र, प्रत्येक तपासनिसाची भेट, प्रत्येक भेगेचा आकडा त्या फाइलमध्ये आहे. कुणी मंत्री “त्या वेळी आम्हाला कल्पना नव्हती” अशा अर्थाचं काही बोलला की त्या पानं उलटून तारीख शोधायच्या.

अहवाल आला २४ फेब्रुवारी २०२३ ला. तो संसद भरते त्या हेगमध्ये नाही, भूकंपाच्या पट्ट्यातच सादर झाला. ग्रोनिंगेनच्या लोकांचं हित सातत्याने डावललं गेलं, देशावर त्यांचं नैतिक ऋण आहे, असं त्यात लिहिलं आहे. समितीने स्वतःच्या सभागृहालाही सोडलं नाही. देखरेख करायची होती त्यांनीच वेळेवर प्रश्न विचारले नाहीत, हेही नोंदवलं. त्यानंतर ३० वर्षांसाठी सुमारे २२ अब्ज युरोंचा कार्यक्रम जाहीर झाला. १ ऑक्टोबर २०२३ ला उत्पादन थांबलं आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये विहिरी कायमच्या बंद करण्याचा कायदा झाला. मध्ये युक्रेनचं युद्ध आलं होतं, गॅसची बिलं अंगावर आली होती. पुन्हा ग्रोनिंगेनचा नळ सोडा, असं म्हणणारे खूप होते. त्या हिवाळ्यात आम्हीही घरात स्वेटर घालून बसलो. सरकार डगमगलं नाही, याचं मोठं कारण माझ्या मते त्या साक्षी आहेत. सगळ्या देशाने त्या ऐकल्या होत्या. आजींच्या घराचं काम मात्र अजून संपलेलं नाही.

आता घरचं. सौरऊर्जा वाढते आहे. दुपारी वीज मुबलक आणि संध्याकाळी टंचाई, म्हणून दुपारी पाणी डोंगरावरच्या तलावात चढवायचं आणि संध्याकाळी खाली सोडून वीज करायची, अशा उदंचन जलविद्युत प्रकल्पांचे करार राज्य सरकारने खासगी कंपन्यांशी केले आहेत. त्यात सह्याद्रीतली ठिकाणं आहेत, आमचा पाटण तालुकाही आहे. दुसऱ्या बाजूला पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची, म्हणजे तिथे काही कामांवर बंदी आणणारी, अधिसूचना आहे. माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा. जुलै २०२४ च्या अखेरीला केंद्राने सहाव्यांदा मसुदाच काढला, त्यात महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. या दोन गोष्टी एकाच डोंगराबद्दल आहेत. याच तालुक्यात २०२१ च्या जुलैमध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर घरांवर आला. त्याच दिवसांत पलीकडे चिपळूण बुडालं आणि कोळकेवाडी धरणाच्या पाण्याबद्दल लोकांनी प्रश्न विचारले. ऊर्जा, पर्यावरण आणि आपत्ती ही मंत्रालयात तीन खाती असतील. आमच्या घाटात ती एकच गोष्ट आहे.

माझा चुलतभाऊ, आमचा दादा, यावर चिडतो. “तुमाला तिकडं बसून बोलाय काय जातंय? हितं पोरं मुंबईला जात्यात, गावं रिकामी झाली. प्रकल्प आला तर चार जणांना काम मिळंल.” त्याचं म्हणणं खोटं नाही. कोयनेची वीज महाराष्ट्राची वरदायिनी म्हणवली गेली. धरणाने ज्यांना उठवलं त्यांच्या पुनर्वसनासाठी मात्र तिसरी पिढी आंदोलनाला बसली. त्याला आणखी एका बंदीची भीती वाटते, मला आणखी एका गप्प बसलेल्या धोक्याची. मी त्या प्रकल्पांच्या सरसकट विरोधात नाही. कोळसा सोडायचा तर वीज साठवावी लागेलच. मला इतकंच हवं आहे की करारावर सही करणाऱ्यांनी आमच्या लोकांसमोर, शपथेवर, उत्तरं द्यावीत. आणि सही होण्याआधी द्यावीत, साठ वर्षांनी नाही.

“जनसुनावणी असतेच की,” दादा म्हणतो. असते. मांडवात कंपनी पडद्यावर चित्रं दाखवते, लोक तावातावाने बोलतात, इतिवृत्त लिहिलं जातं आणि सगळे घरी जातात. विधिमंडळात लक्षवेधी लागते, पण दरड कोसळल्यावर. मंत्री मदत जाहीर करतात, आश्वासन देतात, अधिवेशन संपतं. समित्यांना अधिकारी बोलावण्याचा, कागद मागवण्याचा अधिकार आहे, पण बैठका बंद दाराआड होतात. राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने दरवर्षी अहवाल तयार करावा आणि तो विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत ठेवावा, असं २००५ च्या कायद्याच्या कलम ७० मध्ये लिहिलेलं आहे. त्या अहवालावर सभागृहात दिवसभर चर्चा झाली, आमच्या आमदाराने पाटणच्या पानावर बोट ठेवून प्रश्न विचारला, अशी बातमी मी आजवर वाचलेली नाही. कलम आहे, सभागृह आहे, निवडून दिलेली माणसं आहेत. नवा कायदा होईपर्यंत थांबायचं काही कारण नाही.

आमच्या भागात आपत्ती म्हणजे भूकंपग्रस्ताचा दाखला. तो मिळावा म्हणून वडिलांनी तहसील कार्यालयात किती हेलपाटे घातले ते मी पाहिलंय. नोकरीत त्याचा उपयोग होतो, म्हणून त्याची किंमत मला कळते. पण आमचं सगळं भांडण त्या कागदापाशी अडकून राहिलं. पाणी किती वेगाने भरायचं, नवा तलाव कोणत्या खडकावर बांधायचा, त्याखालचा डोंगर मुसळधार पावसात टिकेल का, हे विचारायला कुणाला वेळच राहिला नाही. आणि विचारायचं कुणाला? कराडजवळ केंद्र सरकारची भूकंप अभ्यासाची प्रयोगशाळा आहे. कोयनेच्या भूकंपांचं मूळ शोधायला गोठणे इथे ३ किलोमीटर खोल विवर खोदलं गेलं. जगभरचे शास्त्रज्ञ आमच्या जमिनीचा अभ्यास करायला येतात. त्यांना काय सापडलं ते आमदारांच्या एखाद्या समितीने कोयनानगरच्या शाळेत बसून, गावकऱ्यांसमोर, मराठीत विचारावं. एक दिवस पुरेल.

गेल्या महिन्यात दादाचा फोन आला. गावात प्रकल्पाबद्दल ग्रामसभा लागली होती. अर्धा तास तो नेहमीसारखा तावातावाने बोलला आणि मग म्हणाला, “त्या तुमच्या तिकडल्या साक्षी, त्यात कसले प्रश्न इचारले ते मराठीत लिहून धाड.” मी शेजारच्या आजींकडे गेले. त्यांनी फाइल उघडली, चष्मा लावला, आणि आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर बसून साक्षींच्या नोंदींतून प्रश्न वेचले. धोका आहे हे तुम्हाला कधी कळलं? कुणी सांगितलं? ते तुम्ही तिथे राहणाऱ्यांना कधी सांगितलं? सांगितलं नाही, तर का? पुढच्या वर्षी किती गॅस काढायचा हे ठरवताना त्या खोलीत कोण होतं, आणि तिथे राहणाऱ्यांपैकी कोण होतं?

दादाने ते पान छापून घेतलंय. ‘गॅस’ शब्द आला तिथे त्याने पेनाने खोडून ‘पाणी’ लिहिलंय आणि फोटो मला पाठवलाय. बाकी एकाही शब्दाला त्याने हात लावलेला नाही.