आधी माती तपासा, मग मुलाचे रक्त

पेट्रोलमधले शिसे बंद झाले म्हणजे प्रश्न मिटला, असा समज चांगल्या वाचत्या माणसांतही आढळतो आणि त्याची मला काळजी वाटते. जुलै 2021 मध्ये अल्जीरियात अशा पेट्रोलची विक्री थांबली आणि रस्त्यावरच्या वाहनांपुरते ते जगभरातून संपले, हे खरे. पण त्याआधी कित्येक दशके धुरातून जे शिसे जमिनीवर बसले, ते तिथेच आहे. शिसे कुजत नाही, पाण्याबरोबर सहसा खोल झिरपतही नाही. मातीच्या वरच्या काही इंचांत, म्हणजे मुले खेळतात नेमके तिथेच, ते चिकटून राहते.

त्यात भर शिसे असलेल्या जुन्या रंगाची. बाहेरच्या भिंतीलगतच्या हातभर पट्ट्यात, जिथे पावसाबरोबर रंगाचे पोपडे गळून पडतात, शिशाचे प्रमाण बहुधा उरलेल्या अंगणापेक्षा जास्त निघते. जुन्या लाकडी खिडकीच्या दर उघडझापीला रंग घासला जातो, पिठासारखी धूळ खालच्या फळीवर साचते, आणि नुकतेच उभे राहू लागलेले मूल तीच फळी धरते व तोच हात तोंडात घालते. पोटात गेलेले शिसे लहान मुलाचे शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेते. आहारात लोह किंवा कॅल्शियम कमी पडत असेल, तर त्याहूनही अधिक. मेंदूच्या वाढीचे त्यामुळे होणारे नुकसान औषधाने भरून निघत नाही.

माझा आक्षेप तपासणीच्या क्रमाला आहे. मुलाच्या रक्तात शिसे सापडल्यावर मग घर आणि अंगण तपासायचे, याचा अर्थ धोका शोधण्याचे काम आपण मुलाच्याच शरीरावर टाकले आहे. अमेरिकेत मुलांच्या रक्तातील दखलपात्र पातळी 2012 मध्ये प्रति डेसिलिटर 5 मायक्रोग्रॅमवर आणि 2021 मध्ये 3.5 वर आणली गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते तर सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही. मग वाट कशाची पाहायची?

भिंतीलगतची, खेळायच्या जागेची आणि भाजीच्या वाफ्यातली माती वेगवेगळी तपासून घ्यावी. शिसे निघाले तर माती उघडी ठेवू नये, तिच्यावर स्वच्छ मातीचा थर आणि गवत असावे; भाजी बाहेरून आणलेल्या मातीच्या उंच वाफ्यात लावावी. जुना रंग कोरडा घासू नये, घरातली धूळ झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. मात्र हा सगळा भार भाडेकरू आईबापांच्या माथी मारणे मला मान्य नाही. माती बदलण्याचा खर्च घरमालकाने उचलावा, आणि पाळणाघरे, शाळा व मैदाने यांच्या मातीचे अहवाल स्थानिक प्रशासनाने कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता जाहीर करावेत.