धारेनंतरचं काम लेखात राहून गेलंय
लेखात गाईची दगडी (जंतूंमुळे कासेला येणारी सूज) टाळायला धारेआधी कास धुण्यावर भर आहे, पण धारेनंतरचं काहीच नाही. धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धा-एक तास उघडं असतं; तेवढ्यात गाय शेणात बसली की जंतू थेट आत. म्हणून चारही सड ०.५ टक्के आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि लगेच गव्हाणीत वैरण टाका, म्हणजे गाय उभी राहते. नुसता फवारा मारला तर सडाची मागची बाजू बहुतेकदा कोरडीच राहते.

सुप्त दगडीत आजार आत असतो, पण दूध दिसायला चांगलंच असतं. पंधरवड्याला सीएमटी (दुधावरून दगडी ओळखायची चाचणी) कराच: पॅडलच्या (चार कप्प्यांच्या ताटलीच्या) प्रत्येक कप्प्यात एकेका सडाचं २-३ मिली दूध, तेवढंच चाचणीचं द्रावण, १० सेकंद गोल फिरवायचं. दाटसर चिकट झालं तर त्या सडाची धार शेवटी, वेगळ्या भांड्यात. आणि अंगठा मुडपून पिळणं बंद करा, सड आतून दुखावतो.