त्या पाच वर्षांच्या पोराला दोष देणाऱ्यांसाठी

आज सकाळी मुलीच्या शाळेत पालकसभा होती. सभा संपताना सगळ्यांच्या हातात एक छापील कागद देण्यात आला. मुलांना घरी काय दाखवू नये याची त्यावर यादी होती आणि यादीतले पहिले नाव शिनचॅन या जपानी कार्टून मालिकेचे होते. मागच्या बाकावरच्या एका आई लगेच म्हणाल्या, "त्या कार्ट्यामुळेच आमचा मुलगा उलट बोलायला शिकला." वर्गातल्या सगळ्या माना एकदम हलल्या. मी गप्प बसलो. तिथून तसाच कामावर गेलो, पण दिवसभर तो कागद खिशात टोचत राहिला. आता रात्रीचे साडेदहा वाजले आहेत, मुलगी झोपली आहे, आणि तिथे जे बोलायला हवे होते ते इथे लिहितो आहे.

माझ्या मुलीने शिनचॅनची नक्कल एकदाच अशी केली होती, की तिची आठवण मला अजून झोपू देत नाही. गेल्या वर्षीची गोष्ट आहे, तेव्हा ती सहा वर्षांची होती. मी चाकणला एका कारखान्यात काम करतो आणि सेफ्टी शूज पायात बारा-बारा तास असतात, त्यामुळे घरी आल्यावर माझ्या मोज्यांची काय अवस्था असते ते सांगायला नको. त्या संध्याकाळी आमचे साहेब मला गाडीतून सोडायला आले आणि आग्रह केला म्हणून चहाला वर आले. बूट दोघांनीही दाराशीच काढले. मी कपबशा घेऊन बाहेर येतो तो माझी मुलगी दारात उकिडवी बसलेली. तिने साहेबांच्या बुटात खोचलेला मोजा काढला, नाकाला लावला आणि नीट घडी घालून परत ठेवला. मग माझा मोजा उचलला, हुंगला, डोळे फिरवले आणि दोन्ही हात पसरून फरशीवर धाडकन आडवी झाली. पडल्या पडल्याच म्हणाली, "काका, तुमच्या मोज्यांना वासच नाही. तुम्ही कामाला जात नाही का? माझ्या बाबांच्या मोज्यांनी माणूस मरतो."

साहेब पोट धरून हसले. मी मात्र तिला दंडाला धरून आत नेले आणि तिच्या पाठीत धपाटा घातला.

ज्यांनी ही मालिका पाहिली आहे त्यांना हे मोजे कुठून आले ते माहीत आहे. शिनचॅनचा बाबा हिरोशी, ज्याला आपली मुले हिंदीतल्या भाषांतरामुळे हॅरी म्हणून ओळखतात, तो साधा नोकरदार माणूस आहे. टोकियोजवळच्या सायतामा प्रांतातल्या कासुकाबे गावात त्याचे घर आहे, रोज रेल्वेने टोकियोला जायचे आणि रात्री दमून, वास मारणाऱ्या मोज्यांसकट परतायचे हा त्याचा दिनक्रम आहे, आणि घराच्या कर्जाची बत्तीस वर्षे अजून फेडायची राहिली आहेत. पोरगा जसा कधीच पाचाचा सहा होत नाही, तशी ही बत्तीस वर्षेही सरत नाहीत. ज्याच्या पगारातून महिन्याच्या पाच तारखेला हप्ता कापला जातो त्याला यातला विनोद समजावून सांगावा लागत नाही. मला तरी लागला नाही.

त्या रात्री मुलगी रडली नाही. अंथरुणावर पडून तिने फक्त एवढेच विचारले, "बाबा, हॅरी तर मोज्यांनी लढतो. सगळे त्याला घाबरतात. मग तुम्हाला राग का आला?" तोपर्यंत माझी अशी समजूत होती, की तिने परक्या माणसासमोर माझी लाज काढली. ती तर माझी बढाई मारत होती. साहेबांपेक्षा माझा बाबा जास्त राबतो याचा पुरावा तिने नाकाने शोधला होता आणि तो भर बैठकीत मांडला होता.

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्याशेजारी बसून ही मालिका पाहू लागलो. जे लोक आज माना हलवत होते त्यांच्यापैकी किती जणांनी एक तरी भाग पूर्ण पाहिला असेल? एकानेही पाहिला असेल असे मला तरी वाटत नाही. त्यांना एवढेच माहीत आहे, की एक पोरगा आहे आणि तो आईला उलट बोलतो. ती आई मिसाए, म्हणजे आपल्याकडची मिट्सी, नवऱ्यापासून पैसे लपवून ठेवते, सेलमध्ये नको त्या वस्तू घेते, वजन कमी करायचे ठरवते आणि दुपारी गाढ झोपते. पोरगा हे सगळे पाहतो आणि कोणासमोरही मोठ्याने सांगतो, मग त्याच्या डोक्यावर टेंगूळ येते. खरे बोलल्याबद्दलच ते टेंगूळ येते, हे माझ्या लक्षात यायला मला स्वतःच्या मुलीला मारावे लागले.

शिनचॅनच्या बालवाडीतल्या नेने या मुलीचेच घ्या. घर-घर खेळताना ती बाकीच्यांना लुटुपुटीचा चहा पाजत नाही. उशिरा येणारा नवरा, संशय घेणारी बायको, धुसफुस, रडारड, असा खराखुरा संसार ती मुलांकडून करवून घेते, आणि राग आला की कापडी सशाला बुक्के मारते, कारण तिची आईही तेच करते. हे पाहून आमची मुले बिघडतात, असे आपण म्हणणार? तिच्यासारखी मुले आपल्याच घरातून शिकून बाहेर पडतात, आणि आपण दोष पडद्यावरच्या चित्राला देतो.

आता कोणीतरी म्हणेल, की तो चड्डी काढून नाचतो आणि रस्त्यात तरुण मुलींच्या मागे लागतो. होय, तेवढे मलाही आवडत नाही आणि ते लहानांसाठी नाही. मूळ चित्रकथा योशितो उसुई यांनी १९९० मध्ये मोठ्या माणसांच्या साप्ताहिकातच सुरू केली होती, १९९२ मध्ये ती जपानी दूरचित्रवाणीवर आली, आणि तिथल्या पालकांनीही नाके मुरडलीच. आपल्याकडे २००६ मध्ये ती हिंदीत आली, २००८ मध्ये पालकांच्या तक्रारींवरून सरकारने ती थांबवली आणि पुढे काटछाट होऊन ती परत आली. काटछाटीबद्दल माझी तक्रार नाही. कात्री लावल्यावर जे उरले आहे त्यालाही आपण शिव्या देतो, याबद्दल आहे.

त्या काटछाटीतूनही एक गोष्ट वाचली असती तर बरे झाले असते, पण ती भाषांतरात मावणारी नाही. जपानमध्ये बाहेरून घरी आलेल्या माणसाने 'तादाइमा', म्हणजे 'मी आलो', असे म्हणायचे आणि घरातल्याने 'ओकाएरी' म्हणून त्याचे स्वागत करायचे, अशी रीत आहे. शिनचॅन बालवाडीतून येतो आणि दारातून आत शिरताना स्वतःच 'ओकाएरी' म्हणतो. आई रोज सुधारते, तो रोज तेच म्हणतो. मला ही त्याची सगळ्यात सुंदर खोडी वाटते, कारण दिवसभर घरात एकट्या राबणाऱ्या आईला 'आलीस का?' असे विचारणारे दुसरे कोणी नसते. त्याच्या मनात हे असते असे मी म्हणत नाही. तो उलटे बोलतो एवढेच, पण ते ऐकू येते घरात बसलेल्या बाईला.

उसुई यांचे बालपण त्याच कासुकाबेत गेले. २००९ च्या सप्टेंबरमध्ये ते एकटेच अराफुने डोंगरावर गेले आणि कड्यावरून पडून त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते अवघे एकावन्न वर्षांचे होते. त्यांच्यामागेही मालिका चालू राहिली. अकिको याजिमा या बाईंनी पहिल्या दिवसापासून २०१८ पर्यंत त्या पोराला आवाज दिला, म्हणजे सव्वीस वर्षे एक बाई पाच वर्षांची राहिली. एवढ्या माणसांनी आयुष्याचा एवढा भाग ज्या पोरावर खर्च केला, त्याचे नाव एका कागदावर पहिल्या क्रमांकावर छापून मोकळे होणे मला आज सहन झाले नाही.

त्या मागच्या बाकावरच्या बाईंवर मात्र आता, एवढे लिहून झाल्यावर, माझा राग उरलेला नाही. त्यांचा मुलगा त्यांना काय उलट बोलला हे मी विचारले नाही, आणि ते विचारायला हवे होते. कदाचित त्याने त्यांचेही काहीतरी खरे सांगितले असेल, चार माणसांत, आणि त्यांनाही त्या रात्री झोप लागली नसेल. सोमवारी मुलीला सोडायला जाईन तेव्हा वर्गशिक्षिकांना भेटून हे सगळे शांतपणे सांगणार आहे. त्या आई दिसल्या तर त्यांच्याशीही बोलेन.

माझ्याकडून एक गोष्ट मात्र तुटली आहे आणि ती शाळेच्या कागदामुळे तुटलेली नाही. त्या धपाट्यानंतर माझ्या मुलीने माझ्या मोज्यांना हात लावलेला नाही. आज संध्याकाळी घरी आल्यावर मी ते बुटात न खोचता मुद्दाम दाराशी, तिच्या वाटेत ठेवले आणि कोचावर वर्तमानपत्र घेऊन बसलो. ती तिथून दोनदा गेली. पहिल्यांदा तिने ते ओलांडले. दुसऱ्यांदा थांबली, मोज्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि मी हसलो तेव्हा आत पळाली.

उद्या रविवार आहे, कामावर जायचे नाही. तरीही सकाळी बूट घालून टेकडीवर चांगला दोन तास चालून येणार आहे, आणि आल्यावर मोजे तिथेच ठेवणार आहे.