टॉक्!

भाचा पाचवीत आहे. परवा रात्री काही केल्या झोपेना, म्हणून कपाटातून फास्टर फेणेचं जुनं पुस्तक काढलं. कव्हर कधीच गेलेलं, पानं पिवळी पडलेली. वाचता वाचता फास्टर फेणेसारखं जीभ टाळूला लावून ‘टॉक्’ केलं आणि झोप राहिली बाजूला, अर्धा तास घरभर टॉक् टॉक्!

तेव्हापासून फास्टर फेणेचे लेखक भा. रा. भागवत डोक्यात आहेत. १९१० साली इंदूरला जन्मले, २००१ मध्ये गेले. १९५१ मध्ये त्यांनी ‘बालमित्र’ मासिक सुरू केलं. पत्नी लीलावतीबाईही मुलांसाठी लिहायच्या. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्यांचं बोट धरून भागवतांनी मराठी मुलांना चंद्रावर नेलं, पाताळात नेलं, तेही अशा मराठीत की मूळ पुस्तक फ्रेंच आहे हे लहानपणी आमच्या ध्यानातही आलं नाही. पुस्तकांत बुडालेला बिपिन बुकलवारही त्यांचाच. मला तर तो फार जवळचा वाटायचा.

पण खरी कमाल बनेश ऊर्फ फास्टर फेणेची. फुरसुंगीचा काटकुळा पोरगा, पुण्यात विद्याभवनला शिकायला येतो, सायकल दामटतो, सुभाष देसाईसारखा दोस्त जोडतो आणि संकटात आपण होऊन उडी घेतो. ना राजपुत्र, ना जादूची कांडी. भागवत मुलांसाठी लिहिताना कधी बोबडे बोलले नाहीत. शेवटी तात्पर्य चिकटवायची घाईही त्यांना नसायची. पोरगं शहाणं आहे, त्याला कळतं, हे धरूनच ते लिहीत. याला मी फार मोठी गोष्ट मानते.

आज आपण सगळे तक्रार करतो, मुलं मराठी वाचत नाहीत. मला विचाराल तर गळती नऊ-दहा वर्षांच्या वयात होते. चित्रांची पुस्तकं पोरकट वाटायला लागतात आणि मोठ्यांची झेपत नाहीत. नेमक्या त्याच वयासाठी भागवत आयुष्यभर लिहीत राहिले. फास्टर फेणेचीच वीस पुस्तकं! तरी वाढदिवसाला आपण पोरांना इंग्रजी संच देतो. मीही गेल्या वर्षी तेच केलं, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

काल भाच्याने विचारलं, “मावशी, फुरसुंगी खरंच आहे?” म्हटलं, आहे की, हडपसरच्या पुढे. आता रविवारी सायकलवरून जायचं म्हणून हटून बसलाय. चाकांत हवा भरून ठेवली आहे.