खुनी कोण ते माहीत आहे, तरी बघतो

सध्या नाशकात थंडी अशी पडलीय की सकाळी गाडीला किका मारून मारून घाम फुटतो आणि मग गाडीवर बसलं की तोच घाम पाठीवर गार पडतो. अंधारात निघायचं, अंधारात परत यायचं. ऊन भेटतं ते दुपारी कँटीनच्या मागे अर्धा तास, तेवढंच.

पावणेसहाला उठतो. एका शेगडीवर चहा, दुसरीवर अंघोळीचं पाणी, कारण सोलर या दिवसांत नुसतं नावाला, आणि फ्रिजवर मोबाइलमध्ये आकाशवाणीचं ॲप. वडिलांचा रेडिओ शोकेसमध्ये आहे पण तो आता बोलत नाही. प्रसारण सुरू व्हायच्या आधीची ती धून लागली की मला लगेच रॉकेलच्या स्टोव्हचा वास येतो, घरात स्टोव्ह नसून वीस वर्षं झाली तरी. ती धून केली वॉल्टर कॉफमन नावाच्या ज्यू संगीतकाराने, १९३० च्या दशकात युरोपातून जीव वाचवायला मुंबईत आलेला माणूस. हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. इतकी वर्षं मी ती आपल्याकडच्याच कुण्या बुवांची समजत होतो.

आमच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं पण सकाळी ते कुणी बघायचं नाही. ६.५५ ला दिल्लीहून संस्कृत बातम्या, 'इयं आकाशवाणी, सम्प्रति वार्ताः श्रूयन्ताम्', तेव्हा वडिलांची दाढी अर्धी झालेली असायची. ७.०५ ला पुण्याहून प्रादेशिक बातम्या लागल्या की आई आतून ओरडायची, बातम्या लागल्या आणि तुझं अजून दप्तर भरायचंय! संस्कृत मला तेव्हाही येत नव्हतं, आत्ताही येत नाही, पण ते वाक्य झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. आता मी विविध भारती लावतो. १९५७ पासून चालू आहे, आणि सकाळच्या जुन्या गाण्यांना मला काही निवडावं लागत नाही. ते लावतील ते मी ऐकतो आणि कानटोपी शोधतो.

मधला दिवस सांगण्यासारखा नाही. अंबडला एका कंपनीत अकाउंट्सला आहे आणि आज वीस तारीख होती, जीएसटी रिटर्न भरायची शेवटची. ज्यांना कळलं त्यांना कळलं. एका सप्लायरने बिल चढवलंच नव्हतं, क्रेडिट जुळेना, साहेबांचे चार फोन, तो सप्लायर म्हणे मी लग्नात आहे. शेवटी सहा वाजता जुळलं. कसं जुळलं ते विचारू नका.

दुपारी डबा खाताना, बाजरीची भाकरी आणि मेथी, साडूंना फोन केला. त्यांची निफाड तालुक्यात द्राक्षबाग. मी सहज म्हटलं, काय दादा, मस्त गुलाबी थंडी पडलीय की! ते म्हणाले, "तुमची गुलाबी असंल, आमचे मणी तडकायला लागलेत." कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाचच्या खाली गेला की पेपरवाले 'निफाड गारठले' छापतात आणि आपण तो फोटो ग्रुपवर टाकून खाली चहाचे कप टाकतो. तिकडे मण्यांची फुगवण थांबलेली असते. रात्रभर बागेत शेकोट्या, पहाटे उठून ठिबक चालू करायचं, पाण्याने मुळाशी जरा ऊब राहते म्हणून. घास घशात अडकला माझा. विषय बदलला.

घरी आलो की नऊला जेवण आणि मग ब्योमकेश बक्षी. १९९३ ची दूरदर्शनवरची गुप्तहेर मालिका, बासू चटर्जींची, रजित कपूर ब्योमकेश आणि के. के. रैना त्याचा मित्र अजित. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने परत दाखवली तेव्हापासून मला जे वेड लागलंय ते उतरलं नाही. बायको म्हणते, अहो, खुनी कोण ते तुम्हाला माहितीये, मला माहितीये, आता शेजारच्यांनापण माहितीये, मग काय बघता? मुलगा तर म्हणतो, पप्पा, पिक्चर क्वालिटी बघा ना जरा.

तर मला हेच लिहायचं होतं. 'तो काळच भारी होता' या पोस्टींचा मला वैताग येतो, आधीच सांगतो. काही भारी नव्हता. अर्धा वेळ गच्चीवर अँटेना फिरवण्यात जायचा, खालून 'आलं, आलं, गेलं' चालायचं, बरोबर खुनी सापडणार तेवढ्यात लाइट जायची नाहीतर 'रुकावट के लिए खेद है'. मी काही त्या काळात परत जायला बघत नाहीये. पण दिवसभर कुठला फोन येईल, कुठला आकडा हलेल, साहेब काय बोलतील, काही म्हणजे काही सांगता येत नाही, आणि अशा दिवसाला दोन टोकांना दोन खुंट्या ठोकल्यासारख्या या दोन गोष्टी आहेत, जिथे पुढे काय होणार ते मला आधीपासून पाठ आहे. खुनी माहीत असला की जीव घाबरा होत नाही, मग अजितचा चेहरा बघता येतो, ते धोतर, ते कप, ती शांतपणे चाललेली बोलणी. नवीन वेबसिरीज लावून बघितली हो. पहिल्याच भागात तीन मुडदे. दिवसभर ऑफिसात बसून आल्यावर मला अजून धक्के नकोत. ज्यांना हवेत त्यांनी बघावं, माझं भांडण नाही.

आणि खरं सांगू का, शेवटपर्यंत मी जागाही राहत नाही. गोधडीत पाय गरम झाले की खलास. बायकोच टीव्ही बंद करते.

आज मात्र साडेदहाला मोबाइल वाजला म्हणून जाग आली. साडूंचा व्हिडिओ. बागेत शेकोटी, धूर, मफलर गुंडाळलेली दोन माणसं, आणि पालथ्या घातलेल्या बादलीवर ठेवलेला मोबाइल, त्यातून जुनी गाणी चाललेली. त्यांचा आवाज, "झोपले का? इथं पाच वाजेपर्यंत जागायचंय. हे गाणं ओळखा." मी ओळखलं, पण उत्तर पाठवायला बोटं गोधडीबाहेर काढावी लागली.