फूटपाथमुळे कोंडी? मामा, जरा थांबा

‘फूटपाथ रुंद करणाऱ्यांनीच शहरांची वाट लावली’ असा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. काल तो मामांनी घरच्या ग्रुपवर टाकला, वर ‘विचार करा’ असा सल्लाही. केला विचार.

मेसेज म्हणतो, फूटपाथने रस्ता खाल्ला म्हणून कोंडी. इलाज एकच, रस्ते रुंद करा. अहो, हा इलाज करून झालाय. अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा केटी फ्रीवे हा महामार्ग २००८पर्यंत रुंद केला, सर्व्हिस रोड धरून काही ठिकाणी २६ लेन. काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला. ड्युरँटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकी महानगरांची १९८३ ते २००३ची आकडेवारी तपासली आणि २०११मध्ये निष्कर्ष छापला : रस्ते जितक्या टक्क्यांनी वाढतात, जवळपास तितक्याच टक्क्यांनी गाड्यांची धावही, म्हणजे त्यांनी कापलेलं एकूण अंतरही, वाढते. रस्ता मोकळा दिसला की कालपर्यंत गाडी काढायचं टाळणाराही काढतो.

आता नाइलाजाने एक कबूल करतो. त्याच अभ्यासात नुसती सार्वजनिक वाहतूक वाढवूनही गाड्यांची धाव घटलेली दिसली नाही. तसंच नुसत्या नव्या फरशा बसवूनही कोंडी सुटणार नाही. शाळा, किराणा, दवाखाना पायी गाठता येईल इतक्या जवळ हवेत. मग ती फेरी मुळात रस्त्यावर येतच नाही.

रोजच्या गोष्टी घरापासून १५ मिनिटांत गाठता येतील अशा शहराबद्दल मेसेज म्हणतो, ‘१५ मिनिटांचं शहर म्हणजे नजरकैद’! जवळ दुकान निघालं म्हणून लांबच्या दुकानात जायला बंदी होते का? आणि धंदा बुडतो म्हणाल, तर स्पेनमधल्या पोंतेवेद्राने १९९९पासून शहराचा मध्यभाग पादचाऱ्यांना दिलाय. दुकानं चालू आहेत.

खरा संताप आला तो शेवटच्या वाक्याचा : ‘वृद्धांना चालवत नाही, म्हणून गाड्यांना प्राधान्य द्या.’ का चालवत नाही, ते बघा की. फूटपाथच्या गुडघाभर उंच कडेवर चढायचं, चार पावलांवर विजेची पेटी आडवी, म्हणून उतरायचं, उभ्या दुचाकींना वळसा घालत धावत्या गाड्यांना खेटून जायचं, पुन्हा चढायचं. सिग्नल तर अर्ध्या रस्त्यातच लाल. वयाने गाडी चालवणं सुटलेल्या माणसाला हे जमत नाही, मग गोळ्यांची एक पट्टी आणायला घरातलं कुणीतरी चारचाकी काढतं. मामा, ती गाडीही त्याच कोंडीत उभी असते.