‘त्यापेक्षा स्वेटर विणा’ या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. रस्त्यातल्या खांबांना, झाडांना कला म्हणून विणकाम गुंडाळतात, त्यात लोकर वाया जाते, त्यापेक्षा थंडीत कुडकुडणाऱ्यांसाठी स्वेटर विणा. आणि पावसात भिजून लोंबणारी ती चिंधी शेवटी कचराच, असं तुम्ही म्हणता.

कचऱ्याबद्दल तुमचं बरोबर आहे. यातली बरीचशी ‘लोकर’ ॲक्रिलिकची असते, म्हणजे प्लास्टिकच. ती कुजत नाही. उन्हाने रंग विटतो, टाके सुटतात. झाडाला घट्ट शिवलेला तुकडा तसाच राहिला तर ओल सालीपाशी कोंडते. ज्याने लावलं त्यानेच ते उतरवायला जावं. तेवढी तयारी नसेल तर लावूच नये, असं माझं ठाम मत आहे.

आणि हे करणारे लोक आहेत. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये २०१३ साली चित्रकार अँडी वॉरहॉल यांच्या नावाचा पूल शेकडो विणलेल्या तुकड्यांनी मढवला होता, तोही रीतसर परवानगी घेऊन. काही आठवड्यांनी ते तुकडे उतरवले, धुतले आणि गरजूंना दिले. ऊबही पोचलीच ना?

पण तुमचा ‘त्यापेक्षा’ मला खुपतो. भिंतीवर चित्र काढणाऱ्याला कुणी म्हणत नाही, की त्यापेक्षा एखाद्याचं घर रंगवून दे. विणणाऱ्या बाईच्या हातून मात्र कायम कुणाच्या तरी उपयोगाचंच काही निघायला हवं! अमेरिकेतल्याच ह्यूस्टनमध्ये माग्दा सायेग यांनी २००५ मध्ये आपल्या दुकानाच्या दाराची मूठ विणून मढवली, तेव्हा येणारेजाणारे थांबून बघू लागले. रोज हाताखालून जाणारी मूठ त्यांना त्या दिवशी दिसली.

कोपनहेगनचा रणगाडा तर मला आजही हलवून जातो. २००६ मध्ये डॅनिश कलाकार मारियान योर्गेनसेन यांनी इराक युद्धाच्या निषेधार्थ दुसऱ्या महायुद्धातला एक रणगाडा गुलाबी विणकामाने झाकला. पंधरा सेंटिमीटरचे चार हजारांहून जास्त चौकोन, देशोदेशींच्या माणसांनी विणून पाठवलेले. कुणी सुयांवर, कुणी क्रोशाने. तोफेच्या नळीला गुलाबी गोंडा. तेवढ्या लोकरीचे स्वेटर झाले असते, मान्य. पण ते चौकोन विणणाऱ्यांना युद्धाबद्दल काही म्हणायचं होतं, आणि ते त्यांनी आपल्या हातात होतं त्याने म्हटलं.

तुम्ही पाहिलेला तुकडा अजून लोंबत असेल आणि तिकडे कुणी फिरकत नसेल, तर खुशाल काढा. फक्त विणीला कात्री लावू नका. दोन कडा जोडणारी शिवण उसवा, म्हणजे तुकडा अख्खा हाती येईल.